सुमे, फक्त तुझ्यासाठी

प्रिय सुमे,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या भेटीपर्यंत राखून ठेव. आम्ही ठीक, ह्यांची शुगर आहे तशीच.

पिंकीचा पुण्याहून फोन आला, रडत. कंडोम फाटला म्हणे. सांगितलं मावशीला, आईला नाही! ताईला तू ओळखतेसच.

गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर घ्यायची गोळी मागायला गेली, तर दुकानदाराने आधी ‘लग्न झालंय का?’ विचारलं. ही गोळी 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते, पण त्याच्या कपाळावरच्या आठ्यांना कोण सांगणार? शेवटी मैत्रिणीने आणून दिली. 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी, एवढं पोरीला ठाऊक होतं. रडत होती ती भलत्याच कारणाने, ‘मी गर्भ पाडला’ म्हणून. म्हटलं, बये, ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, बस. गर्भ राहिलेलाच असेल तर हिचं काही चालत नाही. पाडायची औषधं निराळी, ती डॉक्टरच देतात.

फोन ठेवला आणि धस्स झालं. ती फिटच्या गोळ्या खाते ना! त्या फिटच्या औषधाने, फेनिटॉइनने, ह्या गोळीचा जोर कमी होतो. दुकानदाराला लग्नाची पंचाईत, दुसरं औषध चालू आहे का हे मात्र विचारलं नाही. सकाळची एसटी धरून पुणं गाठलं. डॉक्टरीणबाई चांगल्या निघाल्या. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर गोळीपेक्षा भरवशाची, फिटच्या औषधाने तिला फरक पडत नाही आणि पुढची काही वर्षंही निभावते, म्हणाल्या. पिंकीनेच ‘बसवा’ म्हटलं. बसवताना ‘आई गं!’ ओरडली. म्हटलं, तिला तेवढी बोलावू नकोस.

आता पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करायची. ते होईल गं. माझा घोर वेगळाच आहे. ताई रोज फोन करते, ‘पुण्याला अचानक कशाला गेली होतीस?’ पिंकीने शपथ घातली आहे. पण उद्या पोटात दुखलं, घरी कळलं, तर ताई माझं तोंड पाहणार नाही. आणि सांगितलं तर पिंकी पुन्हा कधी कुणाला फोन करणार नाही. हॉस्टेलात तू रेखाच्या आईला सांगितलंस तेव्हा मी तुला फितूर म्हटलं होतं. शब्द मागे घेत नाही! पण सांगून टाकल्यावर तुला झोप लागली होती का, खरं कळव.

सासूबाईंचं मोतीबिंदू झालं का? बंटीची नोकरी? फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर अजून गणपतीचाच वायदा करतोय?

पत्र वाचून फाडून टाक. तुझ्या घरात सगळे सगळं वाचतात.

तुझी,
मंदी