बाबांसाठी तिनोला

केझॉन सिटी, फिलिपिन्स

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली की ताप उतरून आठवडा झाला तरी बाबांच्या तोंडाला चव नाही. तांबडा-पांढरा तर राहूच द्या, अळणीची वाटीसुद्धा अर्धी परत येते. तेव्हापासून माझ्या मनात इथला तिनोला घोळतो आहे. तो कसा करायचा हे फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहून पाठवावे, असे वाटले.

तिनोला म्हणजे आल्याच्या रश्शात शिजवलेली कोंबडी, कच्ची पपई आणि हिरवा पाला. दोन वर्षांपूर्वी मी तापाने पडले होते, तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंनी (मी त्यांना ‘तिता’, म्हणजे मावशी-आत्या म्हणते) न विचारता तो वाडगाभर आणून दिला होता. बाहेर ‘हाबागात’चा पाऊस कोसळत होता, आपल्याकडे मृगापासून जो नैऋत्येचा वारा पाऊस घेऊन येतो, त्यालाच इथे हाबागात म्हणतात. पहिल्या घोटाला मला आईची अळणी आठवली आणि मी रडले, हे तेव्हा तुम्हाला कळवले नव्हते.

आई, एक किलो कोंबडी हाडांसकट घे, कारण रश्शाची सगळी गोडी हाडांत असते. बोटभर लांबीचे दोन तुकडे आले सोलून लांबट चिरायचे, वाटायचे नाही. थोड्या तेलात आधी आले, मग कांदा आणि लसूण परतायचे. आल्याचा वास घरभर दरवळला की कोंबडी टाकून तिचा रंग पांढरा होईपर्यंत हलवायचे. पाण्याऐवजी तिता तांदळाचे दुसरे धुवण वापरतात, त्याने रश्शाला किंचित दाटपणा येतो. दीड लिटर धुवण पुरते. मंद आचेवर बाजारची कोंबडी अर्ध्या-पाऊण तासात मऊ होते, गावरान असेल तर तासाच्या वर धर. हळद, तिखट, गरम मसाला यांतले काहीही घालू नकोस. तुझा हात मसाल्याच्या डब्याकडे जाईल हे मला ठाऊक आहे, पण एकदा तरी आल्याच्या भरवशावर राहून पाहा.

कच्च्या पपईने मटण लवकर शिजते हे तुला माहीत आहेच. इथे मात्र ती भाजी म्हणून खायची असते. कोंबडी शिजत आली की पपईच्या मोठ्या फोडी घालायच्या, आठ-दहा मिनिटांत त्या पारदर्शक होतात. पपई मिळाली नाही तर दुधी चालेल, पण तो लवकर विरघळतो, तेवढे लक्ष ठेव.

आता पाला. इथे मिरचीची कोवळी पाने किंवा ‘मलुंगाय’ घालतात, आणि मलुंगाय म्हणजे आपल्या परसातला शेवगाच! तो मूळचा आपल्याच भूमीतला, हे तितांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. बाळंतिणीला दूध यावे म्हणून इथे मलुंगाय घातलेला तिनोला आवर्जून देतात, जसे आपल्याकडे आळीव देतात. देठातून सोडवलेली दोन मुठी पाने गॅस बंद करतानाच घाल. पाला उकळत राहिला तर रस्सा कडवट होतो.

खारटपणासाठी इथे ‘पातिस’ वापरतात. मिठात मुरवलेल्या मासळीपासून निघणारे ते पाणी आहे. त्याचा वास उग्र, पण रश्शात शिरला की चव खोल होते. तुझ्याकडे ते नाही आणि बाबांच्या रक्तदाबालाही ते सोसणार नाही, म्हणून साधे मीठच बेताने घाल. विसाया बेटांकडे या रश्शात गवती चहाची पातही टाकतात, आणि मला तर तोच तिनोला जास्त आवडतो. आपल्या कुंडीतली एक पात गाठ मारून सोड आणि वाढताना काढून टाक.

बाबा, हा रस्सा गरम असतानाच मऊ भातावर घेऊन खा. वरून लिंबू पिळायला हरकत नाही. इथे कालामान्सी पिळतात, ती आपल्या लिंबापेक्षा बरीच लहान असते. पहिल्या दिवशी नुसता वाटीभर प्यायलात तरी चालेल; कोंबडी दुसऱ्या दिवशी खा.

पावसाच्या आधी शेवगा छाटला होता का, ते कळवा. छाटला असेल तर आतापर्यंत कोवळी पालवी हाताशी आली असेल, शिडी लावावी लागणार नाही. बाबांनी किती खाल्ले ते आईने रविवारी फोनवर सांगावे.

तुमची लेक