अण्णा, तुमच्या पडवीतल्या पहिल्या कंदिलासाठी

तीर्थस्वरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. समोर बसून बोलायला गेलो तर तुम्ही 'गप रव' म्हणाल आणि विषय बदलाल. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांदेखत लिहितोय.

2020 साली माझी मुंबईतली नोकरी गेली. अठरा वर्षांचं काम कंपनीने एका फोनवर संपवलं. गावी आलो, शाळेत चौदा दिवस विलगीकरणात काढले आणि घरी आल्यावर नुसता पडवीत बसून राहायला लागलो. कोणी काही विचारलं की उठून आत जायचो. भातकापणी उरकली, दिवाळी आठ दिवसांवर आली, तेव्हा एका सकाळी तुम्ही खळ्यात येऊन उभे राहिलात. 'येतंस काय रे? एक हात होयो.' एवढंच. तुम्हाला हाताची गरज नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

व्हाळाच्या पाण्यात दगडाखाली दडपून ठेवलेला माणग्याचा बांबू तुम्ही कंदिलासाठी बाहेर काढलात. त्यातला पिठूळपणा पाण्यात उतरला की मग भुंगा लागत नाही, हे तेव्हा प्रथम ऐकलं. कोयत्याने उभी चीर, मग सुरीने तासणं, प्रत्येक कामटी वीतभर. पहिल्या दिवशी माझ्या निम्म्या कामट्या मोडल्या. तुम्ही त्या गोळा करून चुलीजवळ ठेवल्यात आणि काही न बोलता नवीन पुढे केल्यात. अण्णा, त्या दिवसांत मला सगळेच काही ना काही सांगत होते. न बोलणारे तुम्ही एकटेच होतात.

चार कामट्यांचा एक चौकोन. असे सहा चौकोन, म्हणजे चोवीस कामट्या. मग चौकोनाचा कोपरा दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला दोऱ्याने बांधत जायचं. बराच वेळ सगळं लुळं असतं, एक बाजू धरावी तर दुसरी घसरते. बारावा जोड बसला आणि कंदील माझ्या हातात उभा राहिला. तेव्हा दिसलं की चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण झालेत. ते आपण बांधलेच नव्हते, आपोआप आले होते. त्या त्रिकोणांकडे मी किती वेळ बघत होतो, तुम्हाला आठवत असेल.

मैद्याची खळ तुम्ही शिजवलीत, झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलंत. पतंगी कागद ओल्या बोटांनी ताणला की फाटतो, तो बोटांच्या पाठीने सारायचा, हेही तुम्हीच दाखवलंत. तिन्हीसांजेला वायर आत सोडून दिवा लावलात. सारवलेल्या जमिनीवर लाल-हिरवे चौकोन पडले. कित्येक महिन्यांनी मला त्या रात्री पोटभर जेवण गेलं.

आपण अकरा कंदील केले आणि वाडीत वाटले. चावदिवशी, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे कारीट फोडून, गोडे पोहे खाऊन आपण फेरी मारायला निघालो. एका घरी आपला कंदील पुढच्या दारी होता. एका घरी खुंटीला, विझलेला. आणि एका घरी दारात लुकलुकणारा प्लॅस्टिकचा तारा होता, आपला मागे गुरांच्या मांगरात टांगलेला. मला ते लागलं. चार रात्री जागून केलेली वस्तू! तुम्ही वाकून आत बघितलंत. गाय शांत रवंथ करत होती, तिच्या पाठीवर हिरवा उजेड होता. 'गुरांका उजेड झालो मा? मगे तुका आणखी काय होया?'

तेव्हा मी गप्प राहिलो, पण घरी येताना हलकं वाटत होतं. माझा वाटा मला पडवीतच मिळून गेला होता, दिवा पहिल्यांदा लागला त्या वेळी. कंदील कुठे टांगायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तर वाटतं, मांगरातला तो कंदील सगळ्यांत चांगला लागला होता.

आता कुडाळात माझं छोटं दुकान आहे, पोटापुरतं चालतं. पण दसरा झाला की दुकान बंद केल्यावर रोज रात्री दोन तास मी कामट्या तासतो. गेल्या वर्षी डोंबिवलीच्या चुलतभावाला एक पाठवला. पोचला की नाही, एवढंही त्याने कळवलं नाही. तो बांधताना जे दिवस गेले ते मात्र फार चांगले गेले, आणि हे मी मनापासून सांगतोय.

त्या सकाळी तुम्ही खळ्यात आलात, त्याबद्दल तुमचे आभार. आजवर म्हटले नव्हते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला जवळचं कमी दिसतं, असं नात म्हणाली. काळजी करू नका, तासायचं मी बघतो. माणगा व्हाळात घातलाय. रविवारी कागद घेऊन येतो. वरचा चौकोन भगवा घ्यायचा की पिवळा, तेवढं सांगून ठेवा.

तुमचाच,
वाडीतला धाकटा