उत्क्रांती शिकवायला दोन तासिका पुरतात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीबरोबर ईश्वरी निर्मितीही शिकवावी, मुलांना ‘दोन्ही बाजू’ कळू द्याव्यात, असा आग्रह अधूनमधून डोके वर काढतो. अमेरिकेत या वादावरून १९२५ मध्ये टेनेसीतल्या एका शिक्षकावर खटला झाला आणि १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्मितीवादाला वर्गात बरोबरीची जागा देणारा लुइझियानाचा कायदा रद्द केला. आपल्याकडे वेगळेच घडले. शालेय पुस्तके तयार करणारी केंद्रीय संस्था एनसीईआरटी हिने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच काढून टाकला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध नोंदवला.

कर्नाटकाची दहावीची विज्ञानाची पुस्तके एनसीईआरटीच्याच धर्तीवर असतात, म्हणून सीमाभागातल्या मराठी शाळांनी याकडे लक्ष द्यायला हवे. हद्दीपलीकडे शिनोळीच्या मुलाला महाराष्ट्राच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा स्वतंत्र धडा आहे. बेळगावच्या मुलाचे काय? बारावीत हा विषय फक्त जीवशास्त्र घेणाऱ्यांना भेटतो आणि पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, विज्ञान इंग्रजीतून असते. दहावीत मराठीतून जे कानावर पडले नाही, ते कला, वाणिज्य किंवा आयटीआयला गेलेल्या मुलाच्या कानावर पुन्हा पडण्याची शक्यता फार थोडी.

पण धडा असून भागत नाही. पहिला गोंधळ शब्दांचा. ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ मुलांना वर चढणारी शिडी दाखवतो. शेजारच्या कन्नड वर्गात तिलाच ‘विकास’ म्हणतात. तिथेही सुधारणा हाच अर्थ मनात बसतो. त्यात फळ्यावर माकडापासून माणसापर्यंतची रांग काढली की ‘मग आजची माकडे माणूस का होत नाहीत?’ हा प्रश्न ठरलेला. रांग पुसा, फांद्या फुटलेले झाड काढा. माणूस आणि चिंपँझी यांचा सामायिक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. मुलांना ‘चुलत’ हा एकच शब्द पुरतो: चुलतभाऊ आपला आजोबा नसतो. ‘हा नुसता सिद्धांत आहे’ हा आक्षेप तर इंग्रजी ‘थिअरी’वरून उसना आणलेला. मराठीत सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन हाती आलेला निष्कर्ष. खात्री नसलेल्या गोष्टीला आपण अंदाज म्हणतो.

दुसरा गोंधळ ‘नैसर्गिक निवड’ या शब्दांचा. जे तग धरतात त्यांचीच प्रजा वाढते, एवढाच त्यांचा अर्थ. निवड म्हटली की कुणीतरी निवडणारा आला. तो घालवायला प्रयोगच हवा. एक मीटर फुलाफुलांचे कापड घ्या. साध्या रंगीत कागदाच्या पंच मशीनने टिकल्या पाडा. घोटीव कागद नको, तो चमकतो. लाल, हिरवा, पिवळा, तपकिरी अशा चार रंगांच्या प्रत्येकी १०० टिकल्या तयार ठेवा. त्यातल्या प्रत्येकी २५, म्हणजे एकूण १००, कापडावर विखुरताना ‘पक्षी’ झालेल्या मुलांनी पाठ फिरवावी. मग प्रत्येकाने एका वेळी एकच टिकली उचलायची, ७५ उचलून होईपर्यंत. उरलेल्या २५ पैकी प्रत्येकीला तिच्याच रंगाची तीन पिल्ले द्या. पुन्हा १०० झाल्या. रंगवार आकडे फळ्यावर लिहा आणि अशा तीन पिढ्या करा. दोन तासिका सलग मिळाल्या तर हे आरामात होते.

फसते ते छोट्या गोष्टींत. पंखा चालू राहिला तर टिकल्या उडतात. कापड एकरंगी असेल तर बहुतेक रंग सारखेच उठून दिसतात. मुले मूठभर उचलू लागली की निवड उरत नाही. आणि एकाच पिढीवर थांबलात तर दिसणारा फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणून एका गटाला डोळे बांधून ७५ उचलायला लावा: त्यांचेही आकडे हलतात, पण पिढ्यांमागून पिढ्या एकाच दिशेने सरकत नाहीत. दुसऱ्या गटाला वेगळ्या रंगाचे कापड द्या, तिथे दुसराच रंग टिकतो. शेवटी विचारा, एखाद्या तरी टिकलीने आपला रंग बदलला का? बदलले ते प्रमाण. ‘गरज पडली म्हणून प्राणी बदलला’ हा हट्टी गैरसमज इथेच सुटतो.

यानंतर लगेच गुलाबी बोंडअळीवर या. सौंदत्ती, बैलहोंगलकडच्या कापूसवाल्या घरांतल्या मुलांना तिची ओळख करून द्यावी लागत नाही. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःतच बनवणारा कापूस, भारतात २००२ मध्ये आला. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटीला न जुमानणारी अळी आढळली. विषाने अळीला काही शिकवले नाही. मुळातच तग धरू शकणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. बीटीच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांत जे जास्त असेल तेवढा साधा कापूस लावा, असे सांगितले जायचे ते यासाठीच. तिथल्या अळ्यांचे, विषाला बळी पडणारे पतंग वाचतात. त्यांच्याशी संकर झाला की प्रतिकार पातळ होतो. अनेकांनी ते साध्या कापसाचे बियाणे पेरलेच नाही.

‘दोन्ही बाजूं’ची मागणी इथे घासून बघावी. निवडीच्या नियमावरून साध्या कापसाचा पट्टा का हवा हे आधी सांगता येते आणि शेतात ते खरे की खोटे ठरते. निर्मितीकथेवरून असे काहीच सांगता येत नाही. दशावताराचा क्रम मत्स्य, कूर्म, वराह असा उत्क्रांतीशी जुळतो असे सांगितले जाते, पण पुढचा अवतार कोणत्या खडकात सापडेल हे त्यावरून कोणी काढू शकत नाही. दशावतार आम्हाला प्रिय आहे. त्याची जागा मराठीच्या तासात आणि जत्रेतल्या रात्रीच्या खेळात आहे.

आमची मागणी छोटी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी शाळांच्या विज्ञान शिक्षकांसाठी तालुका पातळीवरच्या प्रशिक्षणात एक दिवस या प्रयोगासाठी द्यावा आणि पुस्तकात धडा असो वा नसो, दुसऱ्या सत्रापूर्वी प्रत्येक दहावीच्या वर्गात तो करून घ्यावा. खर्च दोन कापडांचा आणि चार रंगीत कागदांचा आहे.

आपले,
सीमाभागातील काही विज्ञान शिक्षक
खानापूर