सोनेरी बंडीवाल्या मित्रास

क्रॉफर्ड्सव्हिल, इंडियाना
शुक्रवार, रात्री उशिरा

मित्रा,

पत्र मराठीत आहे. तू ते फोनकडून इंग्रजी करून घेशील, त्यात काहीतरी भलतंच उमटेल आणि उद्या बसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवशील, याची मला खात्री आहे. वाच. समोरासमोर आभार मानायला गेलं की तू 'नो प्रॉब्लेम' म्हणून चालायला लागतोस, आणि माझं बोलणं घशातच राहतं. शिवाय तुझ्याबद्दल आमच्या कोल्हापूरच्या लोकांना कळायला हवं असं मला वाटतं, त्यामुळे अधूनमधून मी त्यांच्याशीही बोलणार आहे.

तर कोल्हापूरकरांनो, उद्या दुपारी आमच्या वॉबॅश कॉलेजचा संघ ग्रीनकॅसलला जाऊन डीपॉ विद्यापीठाशी खेळणार आहे. खेळ अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यावर चिलखत, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. या दोन कॉलेजांची झुंज १८९० पासूनची. दोन्ही गावं इंडियाना राज्यातच, मधलं अंतर कोल्हापूर-सांगलीपेक्षा थोडं कमीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, जी या दिवसांत कापून मोकळी झालेली असतात. दोन्ही गावांवरून मोनॉन नावाच्या कंपनीची रेल्वे जायची, तिने १९३२ साली आपल्या इंजिनाची घंटा या सामन्यासाठी देऊन टाकली. वजन सुमारे १३६ किलो. जो जिंकेल त्याच्याकडे ती वर्षभर राहते.

आमच्या कॉलेजात फक्त मुलगे, तेही हजाराच्या आत. खेळाच्या जोरावर इथे कुणाची फी माफ होत नाही, कारण कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत आहे आणि त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. तरीही या आठवड्यात पहिल्या वर्षाची पोरं थंडीत रात्र-रात्र जागून कॉलेजचा पहारा करतात, का तर समोरच्यांनी येऊन काही रंगवून जाऊ नये. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना ज्यांनी पाहिलाय त्यांना ही ईर्ष्या समजावून सांगायची गरज नाही. मला तर ती इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच ओळखीची वाटली. फक्त इथे हलगी नाही, बँड असतो.

१९६५ ची गोष्ट तूच मला सांगितलीस, मेसमध्ये, समोरचं जेवण गार होईपर्यंत. आमच्या कॉलेजचा एक विद्यार्थी मेक्सिको सरकारचा माणूस बनून डीपॉत गेला, शिष्यवृत्तीच्या गप्पा मारता मारता घंटा कुठे ठेवली आहे ते काढून घेतलं, आणि मग पोरांनी ती पळवून आणली. सांगताना तू इतका रंगात आला होतास की ते तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी घडलं हे मी विसरूनच गेलो होतो.

आता तुझ्याबद्दल.

मी इथे आलो तेव्हा कॉलेजात कामाचे तास हवे होते, आणि मिळालं ते संघाच्या सरावाचं चित्रीकरण. लोखंडी पिंजऱ्याच्या उंच मचाणावर उभं राहायचं आणि कॅमेरा चालवायचा. हा खेळ मी तोवर फोनवर दोन-चार मिनिटांपलीकडे पाहिला नव्हता. मी मचाणावर चढायच्या आधी तू हेल्मेट काखेत मारून आलास आणि म्हणालास, चेंडूच्या मागे जाऊ नकोस. बावीसच्या बावीस जण चौकटीत दिसले पाहिजेत, कारण कोच संध्याकाळी चेंडू बघत नाहीत, पाय बघतात. कुणाचा पाय आधी हलला, कोण चुकीच्या दिशेने वळला, हे बघतात. एवढं सांगून खिशातून हात गरम ठेवायच्या दोन पुड्या काढून दिल्यास. वरचा वारा काय असतो ते तुला ठाऊक होतं, मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू कार्डं आणलीस. मार्करने काढलेली गोळ्यांची आणि रेघांची चित्रं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. एका कोपऱ्यावर चिखल, एकावर कॉफीचा डाग. प्रतिस्पर्धी काय काय खेळतो ते कोच या कार्डांवर काढतात. सरावात तुमच्या घोळक्यापुढे एकेक कार्ड धरतात, आणि तुम्ही ती चाल जशीच्या तशी करून दाखवता. वापरून झालेली कार्डं तू कोचना विचारून माझ्यासाठी ठेवायला लागलास. हा खेळ मी शिकलो तो त्या कार्डांवरून. पुस्तकं, व्हिडिओ सगळं नंतर.

तुम्हाला स्काउट टीम म्हणतात. आमच्याकडच्या लोकांसाठी सांगायचं तर तालमीतला जोडीदार. खासबागेत मैदान मारतो त्या मल्लाचं नाव पेपरात येतं, पण मैदानाआधी रोज पहाटे त्याच्याशी झोंबून, समोरचा पैलवान ज्या बाजूने पट काढतो त्याच बाजूने पट काढून त्याला तयार करणारा एक जण असतो. तू तो. शनिवारी तुला मैदानात उतरवत नाहीत, पण सोमवारपासून तू डीपॉचा लाइनबॅकर असतोस, म्हणजे बचावाच्या पुढच्या ओळीमागे उभा राहणारा गडी. त्यांच्या रंगाची जाळीची सोनेरी बंडी, त्यांच्याच माणसाचा नंबर.

आणि तू नुसता नंबर घातला नाहीस. रविवारी रात्री व्हिडिओच्या खोलीत येऊन म्हणालास, या माणसाच्या यंदाच्या सगळ्या चाली एकाखाली एक लावून दे. तुझी केमिस्ट्रीची वही उघडी होती, लॅबचा अहवाल अर्धा राहिला होता. आपण तो माणूस परत परत मागे नेऊन पाहिला. धावून येणार असला की चेंडू सुटायच्या आधी त्याची एक टाच किंचित उचलते. मला ते दाखवूनही दिसत नव्हतं. मंगळवारी सरावात तू तीच टाच तेवढीच उचलत होतास, आणि बुधवारी आपल्या क्वार्टरबॅकने, म्हणजे इशारे देऊन चाल चालवणाऱ्या गड्याने, पहिल्यांदा ती पाहून चाल बदलली. तू तोंडावर आपटलास आणि पडल्या पडल्या हसलास. मचाणावरून ते हसू दिसलं नाही, पण खांदे हलत होते. (टाच कुठली ते इथे लिहीत नाही. ग्रीनकॅसलला एखादा मराठी वाचणारा असायचाच. नाशिकचा नाहीतर पुण्याचा.)

परक्या मैदानावर खेळायचं तर सगळ्यात मोठी अडचण गोंगाटाची. घरच्या मैदानावर आपला संघ चेंडू खेळतो तेव्हा आपलीच माणसं गप्प बसतात, तिथे सगळं उलट. क्वार्टरबॅकने ओरडून दिलेला इशारा शेजारच्यालाही ऐकू जात नाही, कुणी आधी हलला की पाच यार्डांचा दंड. म्हणून हा आठवडाभर मैदानाच्या कडेला मोठे स्पीकर लावले होते. गर्दीचा आवाज, कर्णे, शिट्ट्या, मध्येच त्यांच्या बँडची धून. कॉलेजचे प्राध्यापक वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायला लागले. त्या कल्लोळात तोंडी इशारा बंद. चेंडू मागे देणारा सेंटर ओळीच्या मधोमध असतो. त्याच्या शेजारचा गार्ड मान वळवून क्वार्टरबॅककडे बघतो, त्याने पाय उचलला की सेंटरच्या मांडीवर थाप मारतो, सेंटर मनात मोजतो आणि चेंडू मागे सोडतो. ओळीतल्या बाकीच्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडूवर नजर ठेवायची.

या सगळ्याची खरी कसोटी तू घेतलीस. चेंडू सुटायच्या आधी खोटी झेप घ्यायची, ओरडायचं, मागे यायचं, पुन्हा झेप. मंगळवारी आपली ओळ सारखी फसत होती आणि चिडत होती. एक धिप्पाड गडी तर तुझ्यावर धावूनच आला. माझ्या मते तिथे कोचनी त्याला दोन शब्द सुनवायला हवे होते, त्याऐवजी ते पुढचं कार्ड धरून मोकळे झाले. तू फक्त बंडी खाली ओढलीस आणि परत जागेवर जाऊन उभा राहिलास. गुरुवारी तुझ्या कुठल्याच झेपेला कुणी हललं नाही. पूर्ण सराव मी कॅमेऱ्यातून पाहत होतो, ओळ दगडासारखी. शेवटी तोच गडी आला, हेल्मेटवर एक टपली मारली आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते वर ऐकू आलं नाही, स्पीकर चालूच होते. विचारलं तर तू सांगत नाहीस.

तुझे आईवडील दर शनिवारी येतात हे मी कॅमेऱ्यातून बघतो. तू कडेला उभा असतोस, आणि ते पूर्ण सामना तुझ्याकडे बघत बसतात. तुझ्या आईने मला पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी जेवायला बोलावलं होतं, मी मांस खात नाही म्हणून भोपळ्याचे तीन प्रकार केले होते. त्यांचेही आभार या पत्रातच मानून घेतो. पण त्यांनी तुझं काम कधी पाहिलेलं नाही, कारण ते मंगळवार-बुधवारी चालतं आणि तिथे पालकांना बोलावत नाहीत.

म्हणून कोचना विचारून मी एक काम केलंय. या आठवड्यातल्या सरावातल्या तुझ्या सगळ्या चाली वेगळ्या काढून एकापुढे एक जोडल्या आहेत. स्पीकरचा आवाज तसाच ठेवलाय, त्याशिवाय मजा नाही. सामना संपेपर्यंत लिंक उघडणार नाही, ही कोचची अट आहे आणि १९६५ ची गोष्ट ऐकल्यापासून माझीही. उद्या रात्री ती तुझ्या वडिलांना पाठव. बावीस जणांत तू कुठे आहेस ते त्यांना चटकन कळणार नाही, कारण अंगावर दुसऱ्याचा नंबर आहे. सोनेरी बंडीतला, टाच उचलणारा, म्हणून सांग.

बसमध्ये माझ्याकडे कॅमेऱ्याच्या दोन पेट्या असतील. शेजारची जागा धरून ठेव.

तुझा,
मचाणावरचा कोल्हापूरकर