ज्या रंगाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत

पेंटरभाऊ,

रामराम.

शेडमध्ये विमान पाहायला येणारा प्रत्येक जण पंखावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "शोरूमवानी रंग हाय." कोणी मारला ते मी सांगतोच. त्यापुढचं मात्र तुम्ही मला सांगू देत नाही, "जाऊ द्या ना जी" म्हणून उठून जाता. म्हणून आज चार लोकांसमोर लिहितो.

वरूडजवळच्या या शेडमध्ये आधी संत्र्याचे क्रेट असायचे. तिथे चार वर्षं या विमानासाठी मी पत्रे कापले, रिव्हेट ठोकले, पण रंगाची गन हातात आली आणि माझी हुशारी संपली. पहिल्या भंगार पत्र्यावर ओघळ आले, दुसऱ्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे. तो पत्रा उन्हात तिरपा धरून तुम्ही म्हणालात, "संत्र्याच्या गावात ऑरेंज पील नाई येईन तं कुठी येईन?"

तुम्ही ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवणारे. "ते कांदिवलीच्या गच्चीवर इमान बांधणारे अमोल यादव, तसंच का?" एवढंच विचारून कामाला लागलात. अॅल्युमिनियमवर रंग सहज धरत नाही, म्हणून आधी आम्ल लावून धुवायचं. धुतल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब झालं तर अजून तेलकटपणा आहे. मी दोनदा "झालं" म्हटलं, तुम्ही दोनदा परत धुवायला लावलं. मग प्रायमर. जानेवारीचे दिवस, रस्त्यावरून जिनिंगकडे कापसाच्या गाड्या, आणि ओल्या रंगावर कापसाचा तंतू बसला की काम वाया. पहाटे जमिनीवर पाणी शिंपडून, दारांना ओली पोती लावून तुम्ही गन धरायचे.

एका गोष्टीवरून आपण भांडलो. तुम्ही बावीस वर्षं तोंडाला दुपट्टा बांधून रंग मारला, पण दोन डब्यांच्या या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते दुपट्ट्याला जुमानत नाही, आणि एकदा छातीला त्याची अॅलर्जी बसली की जन्मभर सुटत नाही. नळीतून बाहेरची हवा घेणारा मास्क घालताना तुम्ही मला बह्याड म्हणालात. तो मास्क आता तुमच्याकडेच ठेवा, आणि ट्रॅक्टरलाही वापरा.

आता ती गोष्ट. पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, एलेरॉन. उजव्या एलेरॉनवर एक ओघळ आला होता. तो घासून तुम्ही वरून तिसरा हात दिला, इतका सुंदर की मी फोटो काढून ठेवला. मग वजन तोलायला ती बिजागरीवर टांगली, तर मागची कड खाली गेली. बिजागरीच्या पुढे शिसं असतं, मागे पत्रा, आणि रंग जवळजवळ सगळा मागेच बसतो. मागचा भाग जड झाला की वेगात पट्टी फडफडू लागते, आणि ती फडफड काही सेकंदांत पंख मोडू शकते. शिसं वाढवायला जागा नव्हती.

हे सांगायला मला दोन दिवस लागले. तुम्ही ऐकून घेतलं, गाडीवरून वॉटर पेपर काढला आणि बसलात. रिमूव्हर नको, तो पत्र्यांच्या जोडात शिरून राहतो, असं मी म्हटलं तर मान हलवली. एप्रिलचं ऊन, पत्र्याची शेड, आणि तुम्ही स्वतःचं सगळ्यात चांगलं काम तासन्‌तास स्वतःच्या हाताने घासत होता. नंतर पहाटे पाचला येऊन दोनच पातळ हात दिले. यावेळी पट्टी बिजागरीवर बरोबर तोलून राहिली. पैसे विचारले तर म्हणालात, "चूक माही होती." चूक तुमची नव्हती. तोल आधी बघायचं सांगणं माझं काम होतं.

पट्टी बसवतानाही तुम्ही थांबलात. पाव इंचापेक्षाही बारीक बोल्टाला जेमतेम 20 ते 25 इंच-पौंड इतकाच आवळ. तुमचा ट्रॅक्टरचा हात पाहून मी पाना माझ्याच हातात ठेवला. "एवढंच?" एवढंच, भाऊ. पण आवळल्यावर नट ते बोल्ट अशी लाल रेघ ओढायची असते, नट हलला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. ते काम मात्र तुमच्या पाटी रंगवायच्या ब्रशनेच झालं. विमान तपासताना मी रोज त्या रेघा पाहतो. एकही हललेली नाही.

शेपटीजवळची जागा कोरी आहे. विमानाचा नोंदणी नंबर व्हीटीपासून सुरू होईल असं मी सांगितलं तेव्हा "बोरीबंदर का?" असं तुम्ही विचारलं होतं. भारतातल्या सगळ्याच विमानांचा व्हीटीपासून सुरू होतो. कागद हातात आले की ती अक्षरं तुम्हीच काढायची, स्टिकर लावणार नाही. त्या दिवशी पैसे घ्यायचे, उजव्या एलेरॉनचे धरून.

चहा माझ्याकडे. तुमच्या गॅरेजवरच्या चहाला थिनरचा वास येतो.

तुमचा,
शेडवाला