एमटी-०७ की झेड ६५०: कुठली घेतेय आणि का

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आई 'नको गं बाई' म्हणते आणि बाबा त्याच दमात 'ॲव्हरेज किती देते' विचारतात, आणि मला जे सांगायचंय ते राहूनच जातं, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच काढावं. मोटारसायकल घ्यायची हे ठरलंय, ते तुम्हालाही माहितीये. घोडं अडलं होतं ते कुठली घ्यायची यावर.

शेवटी दोनच उरल्या. यामाहाची एमटी-०७ आणि कावासाकीची झेड ६५०. दोन्ही २०२३ चं मॉडेल, दोन्ही वापरलेल्या. दोन्ही नेकेड, म्हणजे पुढे ते प्लास्टिकचं कवच नाही, इंजिन उघडं, हँडल रुंद, पाठ बऱ्यापैकी सरळ ठेवून बसता येतं. आई, फोटो बघून तू 'ही अर्धवटच बनवलीये का' म्हणालीस ना, ती यातलीच एक.

आधी बाबांचा प्रश्न, कारण तो सोपाय. ॲव्हरेज दोघींचं जवळपास सारखंच आहे, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे लिटरला तेवीसच्या आसपास. टाकी यामाहाची १४ लिटर आणि कावासाकीची १५. म्हणजे एका टाकीत तीनशे किलोमीटरच्या आसपास, नीट चालवली तर, आणि मी नेहमीच नीट चालवीन असं नाही. त्यामुळे ॲव्हरेजवरून निर्णय होणार नव्हताच.

खरी मजा इंजिनात आहे. बाबा, तुम्ही म्हणालात की दोघींना दोन-दोन सिलिंडर, सीसीमध्ये पण फार फरक नाही (६८९ आणि ६४९), मग वेगळं काय डोंबलाचं असणार. मलाही तसंच वाटत होतं. पण फरक क्रँकशाफ्टमध्ये आहे, म्हणजे पिस्टनचं वर-खाली होणं गोल फिरण्यात बदलणारा तो दांडा. झेडचा क्रँक १८० डिग्रीचा, म्हणजे एक पिस्टन वर असला की दुसरा खाली, अगदी सी-सॉ सारखं. यात होतं काय की दोन्ही पिस्टन एकाच क्षणी टोकाला पोचतात, तिथे क्षणभर थांबतात आणि मग परत निघतात, दोघंही एकदमच. एमटीचा क्रँक २७० डिग्रीचा आहे, तिथे एक पिस्टन टोकाला थांबलेला असतो तेव्हा दुसरा जवळपास फुल स्पीडमध्ये असतो, त्यामुळे क्रँकचा वेग सारखा कमीजास्त होत नाही आणि थ्रॉटल पिळला की मागच्या चाकाशी हाताचा थेट संबंध असल्यासारखं वाटतं. ९० डिग्रीच्या व्ही-ट्विनमध्ये (दोन सिलिंडर इंग्रजी व्ही सारखे तिरके बसवलेलं इंजिन) स्फोटांमधलं अंतर जसं असतं तसंच इथेही पडतं, म्हणून आवाजही तसाच येतो, तो धडधड-धड असा. व्हायब्रेशन मारायला दोघींमध्ये बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे हात सुन्न होतात वगैरे प्रकार मला तरी दोन्हीवर जाणवला नाही.

आकडे बघितले तर एमटी ७३ पीएस (ताकद, हॉर्सपॉवरसारखीच) आणि ६७ न्यूटन-मीटर (टॉर्क, म्हणजे खेचायचा जोर), झेड ६८ पीएस आणि ६४ न्यूटन-मीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. चालवताना तो किरकोळ वाटत नाही. एमटी तीन हजार आरपीएमला सुद्धा तिसऱ्या गिअरमध्ये असं उचलते की पुढचं चाक हलकं झालंय हे हँडलमधून कळतं. आणि खरं सांगू, मी हेल्मेटच्या आत एकटीच हसत होते. झेड तिथे शांत असते, पाच-सहा हजारापर्यंत ती नुसती वाढत जाते, गुळगुळीत, आणि मग वर तिला जाग येते. इंजिनवर मार्क द्यायचे तर यामाहा, डोळे मिटून. यात माझं मत बदलणार नाही.

आणि तरीही मी झेड घेतेय.

त्याचं मुख्य कारण फार साधं आहे, माझी उंची बाबांवर न जाता आईवर गेलीये. एमटीची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर, झेडची ७९०. दीड सेंटिमीटर म्हणजे काय, काहीच नाही, असं मीही आधी म्हटलं. पण सिग्नलला चढावर गाडी उभी केली की उजवा पाय मागच्या ब्रेकवर लागतो, मग सगळी गाडी डाव्या पायावर येते. एमटीवर तिथे माझी बोटं टेकत होती, बोटांच्या मागचा तो फुगीर भाग जेमतेम, आणि रस्ता डावीकडे जरा उतरता असला की तेवढंही नाही, मग कंबर एका बाजूला सरकवायची आणि मनात देवाचं नाव घ्यायचं. झेडवर त्याच चढावर टाच जवळजवळ टेकली. सीट पुढच्या बाजूला अरुंद असली की मांड्या फाकाव्या लागत नाहीत आणि पाय सरळ खाली जातात, त्यामुळे नुसता उंचीचा आकडा बघून कळत नाही, बसूनच बघावं लागतं. बाबा, तुमच्यासारख्या उंच माणसाला मात्र झेडवर गुडघे दुमडून बसल्यासारखं होईल, तेव्हा घेतल्यावर मला नावं ठेवायची नाहीत.

वजन दोघींचं सारखंच म्हणायचं, पेट्रोल भरून एमटी १८४ किलो, झेड १८७. चालत्या गाडीवर ते जाणवत नाही. जाणवतं ते पार्किंगमध्ये ढकलताना आणि यू-टर्न घेताना, आणि गाड्या पडतात त्या बहुतेक तिथेच, ताशी शंभरला नाही.

दुसरं कारण क्लच. झेडला असिस्ट-स्लिपर क्लच आहे. असिस्टमुळे लिव्हर दाबायला हलका, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलं तरी मनगट बोंबलत नाही. आणि स्लिपरचा फायदा असा की घाईघाईत एकदम दोन गिअर खाली टाकले आणि क्लच पटकन सोडला तर इंजिन मागच्या चाकाला झटका देऊन अडवायला बघतं, चाक उड्या मारायला लागतं, तेव्हा हा क्लच थोडासा सुटतो आणि तो झटका गिळतो. एमटी-०७ ला हे २०२५ च्या मॉडेलमध्ये आलं, सोबत नवीन उलटे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकॲब्सॉर्बर), ट्रॅक्शन कंट्रोल, सगळंच आलं. ती गाडी फार आवडलीये पण ती माझ्या आवाक्यात नाही, आणि 'अजून दोन वर्षं थांब' हे वाक्य आई, मला माहितीये तुझ्या तोंडावर आलंय, तर ते तिथेच ठेव.

आता आईसाठी. ब्रेकचं तू दर वेळी विचारतेस. दोघींना पुढे दोन-दोन डिस्क आहेत, एमटीच्या २९८ मिलिमीटरच्या, झेडच्या ३००, आणि दोघींना एबीएस. म्हणजे घाबरून ब्रेक पूर्ण दाबला तरी चाक जाम होऊन गाडी घसरत नाही, निदान सरळ जाताना तरी नाही. वळणावर गाडी बरीच कललेली असेल तर मात्र या एबीएसच्या भरवशावर राहायचं नाही, वळणात किती कललोय हे ओळखणारं सेन्सरवालं एबीएस या दोन्हींत नाहीये. झेडच्या २०२३ च्या मॉडेलला ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ओल्या रस्त्यावर किंवा सांडलेल्या डिझेलवर मागचं चाक गरागरा फिरायला लागलं तर इंजिनची ताकद आपोआप कमी होते. त्याच वर्षीच्या एमटीला ते नाही. एमटीवर ही सगळी जबाबदारी माझ्या उजव्या मनगटावर, आणि इंजिन असं की त्या मनगटाला सतत चिथवणार. मला माझा स्वभाव माहितीये, तुला तर जास्तच माहितीये.

पण आई, ब्रेकपेक्षा वेगाचं गणित महत्त्वाचं आहे. ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, म्हणजे समोर काहीतरी दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एका बसच्या लांबीएवढं अंतर संपलेलं असतं. आणि वेग दुप्पट केला की नुसतं ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. ही गोष्ट कुठल्याही कंपनीची गाडी घेतली तरी बदलत नाही. नेकेडचा एक फायदा असा की पुढे काच नसल्यामुळे शंभरच्या वर वारा छातीवर असा आदळतो की लांबच्या प्रवासात तो वेग आपणहूनच नकोसा होतो. मानेला पण त्रास होतो. लोक याला तोटा म्हणतात, तू याला फायदा म्हण.

आणि तू मागे बसणार असशील तर स्पष्टच सांगते, नको. दोन्ही गाड्यांची मागची सीट वीतभर, उंच, पाय दुमडून ठेवायचे, धरायला धड काही नाही, तुझ्या गुडघ्यांचं काम नाही ते. तुला फिरवायला मी गाडी घेऊन येईन, चार चाकांची.

टायरबद्दल बाबांना सांगायचं होतं. एमटीला मागे १८०/५५, झेडला १६०/६० (पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये), रिम दोन्हींची १७ इंची. मागून बघताना १८० चा टायर काय दिसतो! पण अरुंद टायर वळणात पटकन कलतो, आणि ६८ पीएसला १६० पुरून उरतो, बदलायची वेळ आली की खिशालाही बरा. सस्पेन्शन दोघींचं बेताचंच, एमटीचं जास्त मऊ, खड्ड्यात बरं वाटतं पण जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं. झेड जरा कडक. पुढचे फोर्क दोन्हींत ४१ मिलिमीटरचे साधे, त्यात फिरवाफिरवी करायला काही नाही.

सुटे भाग मिळतील का, ही काळजी दोघींत नाही. एमटीचं इंजिन २०१४ पासून चाललंय आणि टेनेरे ७००, एक्सएसआर ७००, आर ७ मध्ये तेच बसवतात. झेड ६५० आली २०१७ ला, पण तिचं इंजिन निन्जा ६५०, व्हर्सिस ६५०, व्हल्कन एस या सगळ्यांत आहे. म्हणजे फिल्टर, क्लच प्लेट, गॅस्केट असल्या गोष्टींसाठी रडायची वेळ येणार नाही.

झेड मी नीट तपासली, तुम्ही शिकवलंत तसंच. जायच्या आधी मालकाला सांगितलं होतं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून बघितला, गार होतं. थंड इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, धूर नाही, टकटक नाही. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचं कडं नव्हतं, म्हणजे सील ठीक आहेत. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरची टोकं बघितली, हँडलची टोकं बघितली, पाय ठेवतो त्या पेगच्या कडा बघितल्या, गाडी पडलेली असली तर तिथे खरवडतंच. डाव्या लिव्हरच्या टोकाला एक बारीक ओरखडा आहे, मालक म्हणाला जागेवर उभी असताना कलंडली होती, आणि पेग, इंजिनचं कव्हर, हँडल सगळं स्वच्छ होतं म्हणून मला पटलं. चेन मात्र वाईट होती. कोरडी, आणि एका जागी ताठ, दुसऱ्या जागी लोंबती. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरते त्या दातेरी चक्राचे) दात एका बाजूला वाकायला लागलेत. म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच बदलावा लागणार, नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन खातील. मालकाने ते किमतीतून कमी केलं, फार घासाघीस न करता.

टायरवर तो चार आकडी कोड वाचला, पुढचा १४२३, म्हणजे २०२३ च्या चौदाव्या आठवड्यातला, कंपनीतूनच आलेला दिसतोय, रबर मऊ आहे, कुठे चिरा नाहीत आणि नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक. मागचाही त्याच सुमाराचा, पण तो मधोमध सपाट झालाय, हायवेला सरळ चालवून चालवून होतो तसा. त्यामुळे वळणात कलताना एक कड ओलांडल्यासारखं वाटतं.

हेल्मेट नवं घेतलंय, फुल फेस, ईसीई २२.०६ या सुरक्षा-मानकाचं, त्याचं लेबल आत पट्ट्याला शिवलेलं असतं. जॅकेट, ग्लोव्हज आणि घोट्याच्या वर येणारे बूट आधीचेच आहेत. पुढच्या आठवड्यात कागदपत्रं होतील, त्याआधी बाबा, एकच सांगा: मागचा टायर बदलायचाच आहे, तर पुढचाही सोबतच बदलू का? दोन्ही एका मेकचे असावेत असं सगळे म्हणतात, पण पुढच्यात अजून बरंच आयुष्य आहे आणि मला तो फेकायचा जीव होत नाहीये. फोटो पाठवलेत, झूम करून बघा आणि कळवा.

तुमची लेक