'एकच प्याला' म्हणजे नुसती दारूबंदी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी पुरवणीत राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकावरचा लेख वाचला, परत तेच हो, दारूने सोन्यासारख्या संसाराची कशी राखरांगोळी केली वगैरे. नेमकी त्याच आठवड्यात भाची बीएच्या ट्युटोरियलसाठी माझ्याकडे आली, तिच्या नोट्समध्येही तोच निकाल, वकील सुधाकर हुशार पण व्यसनी, त्याची बायको सिंधू आदर्श पतिव्रता, तळीराम खलनायक, विषय मद्यपानाचे दुष्परिणाम. झालं नाटक!

अहो पण पहिला घोट पोटात जायच्या आधीच सुधाकर घसरलेला असतो की. मुन्सफाशी, म्हणजे खालच्या कोर्टाच्या जज्जाशी, खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते आणि ते ह्या माणसाला पचतच नाही. मी 32 वर्षं इथल्या एका कोर्टात कारकुनी केली, जज्जसाहेबांनी भर कोर्टात झापलेले वकील रोज बघायचो, बाहेर आले की कॅन्टीनला कटिंग मारणार, साहेबांची हुबेहूब नक्कल करणार, सगळ्यांना हसवणार आणि लंचनंतर पुढच्या मॅटरला हजर. सुधाकरला ही नक्कल करता येत नाही, तिथेच त्याचा घात आहे. गरिबीतून अकलेवर वर आलेला माणूस, कुणी कमी लेखलं की त्याला कायमचं लागतं. मधे दारू सोडतो ना, तेव्हाही कामासाठी चार दारं ठोठावतो, लोक हिणवतात आणि स्वारी परत प्याल्याकडे. दोन्ही वेळा आधी अपमान, मग दारू. हा क्रम गडकऱ्यांनी उगाच लावलाय का?

तळीरामाला खलनायक म्हणणाऱ्यांनी ते आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे त्या दारुड्यांच्या मंडळाचे, प्रवेश थिएटरात बसून बघावेत. आपण त्याच्या कोट्यांवर खो खो हसत असतो, म्हणजे मंडळाचे मेंबर आपणही झालेलोच असतो. (तळीराम सुधाकरचा कारकूनच, त्यामुळे आमच्या ऑफिसात मला बरीच वर्षं त्याच नावाने हाक मारायचे, मी चहाशिवाय काही घेत नाही तरी.)

सिंधूवरून मात्र आमचं घरात वाजलं. भाची म्हणाली, "मामा, ही बाई माहेरची मदत नको म्हणून शपथ घेते, दळणं दळते, ह्याचा मार खाते, आणि ह्याला आदर्श म्हणायचं? सरळ पोलिसात जायचं ना." मी आधी चिडलो, आमच्या आईच्या पिढीने बालगंधर्वांच्या सिंधूसाठी पदर भिजवले होते. पण पोरीचं चुकलं नाही, सिंधू इतकी चांगली आहे की तिच्याशी भांडायची सोय गडकऱ्यांनी ठेवलेलीच नाही, नाटकाचा हा कच्चा दुवाच आहे.

फक्त शेवट नीट वाचा. सुधाकरच्या हातून तान्हं मूल जातं, सिंधू मरायला टेकलेली, फौजदार येतो, आणि ती सांगते मी माझी पडले. आम्हाला शाळेत हे पतिव्रतेचं लक्षण म्हणून शिकवलं. मला आता वेगळंच दिसतं, तिच्या ह्या खोट्याने सरकारची फाशी टळते, म्हणजे शिक्षा द्यायला आता सुधाकर स्वतःच काय तो उरतो, कोर्टकचेरी नाही, अपील नाही. म्हणून तो शेवटच्या प्याल्यात विष घालतो. ज्याची सनद एका मुन्सफामुळे गेली तो शेवटी स्वतःच मुन्सफ होतो, एवढी पक्की बांधणी प्रचारी नाटकात असते का हो?

गडकऱ्यांनी मात्र ह्यातलं काहीच रंगमंचावर पाहिलं नाही. ते 23 जानेवारी 1919 ला सावनेरला वारले आणि पहिला प्रयोग बडोद्याला झाला तो फेब्रुवारीत.

भाचीने हे सगळं तिच्या भाषेत लिहून दिलं. 10 पैकी 5 मिळाले, खाली लाल शेरा, 'दारूचे दुष्परिणाम हा मुद्दा राहिला.'

आपला,
एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई